झोवाची सोललेली फांदी

१

कोसाराआजीच्या बरण्या सहकारी संस्थेच्या कोठीत कुलपाआड गेल्या त्या बुधवारी सकाळी. शुक्रवारी मी बसमधून उतरले तोवर गावाने निकालही लावून टाकला होता: म्हातारीची नजर गेली, तिने झोवाऐवजी हाबत शिजवलं आणि सख्ख्या भावाला, चेडोमिरला, विष खायला घातलं.

झोवा आणि हाबत जवळची नातेवाईक. दोघांनाही पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात आणि सप्टेंबरात काळ्या फळांचे घोस. झोवा झाडाएवढी वाढते. तिच्या फुलांचं सरबत करतात, सालीचं भाजल्यावरचं मलम करतात आणि फळं शिजवून पेकमेझ, म्हणजे खोकल्यावर चाटायचा दाट पाक. हाबत कमरेएवढंच वाढतं, थंडीत जमिनीपर्यंत वाळून जातं आणि त्याची फळं खाल्ली तर माणूस आडवा होतो. आमच्या व्रेलो गावात पोर चालायला लागलं की हा फरक शिकवतात. कोसाराआजी तर साठ वर्षं झोवा गोळा करत होती.

संस्थेचा अध्यक्ष रादेन्को मला थांब्यावरच भेटला.

“इस्क्रा, तू सरकारी प्रयोगशाळेत लागलीस ना?”

“तीन महिने झाले. अजून बाटल्याच धुते.”

“पुरे आहे. गावात याहून जास्त शिकलेलं कुणी नाही.” त्याने माझी पिशवी स्वतःच उचलली. “चेडोमिर मंगळवारी दुपारी ओकून ओकून बेशुद्ध पडला. दोन दिवस दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, पोटात कुठल्यातरी वनस्पतीचं विष गेलंय. सकाळी त्याने पेकमेझ खाल्लं होतं. कोसाराचं. रविवारी चर्चनंतर शाळेत सभा आहे. तिचं नाव संस्थेच्या यादीतून काढायचं की ठेवायचं ते ठरेल.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“तिच्या पेकमेझवर वाढलोय मी. पण उद्या एखाद्याचं पोर गेलं तर?”

त्याने तपासायला एक बरणी दिली. मी घरी जाऊन बिया भिंगाखाली धरल्या, एकेक करून. सगळ्या झोवाच्या होत्या.

“एक बरणी चांगली निघाली,” रादेन्को म्हणाला. “बाकीच्यांचं काय? सगळ्या उघडल्या तर विकायला काय उरलं?”

त्याचं चूक नव्हतं. बरण्या निर्दोष आहेत म्हणून भागणार नव्हतं. चेडोमिर कशाने आजारी पडला ते रविवारच्या आत शोधायला हवं होतं.

२

कोसाराआजी अंगणातल्या बाकावर बसली होती, हात मांडीवर टाकून. तिचे हात रिकामे असलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

“आलीस? बस. चहा विचारत नाही. माझ्या हातचं प्यायला लोक हल्ली घाबरतात.”

“मी पिईन.”

“मग तूच कर. चूल मी विझवलीय.”

मी तिच्याशेजारी बसले. “आजी, विचारावं लागतंय. चुकून हाबत मिसळलं असेल का?”

“डोळे बांध माझे आणि दोन्हींच्या मधे उभी कर. हाबताची पानं चुरडली की कुजका वास येतो. नजर अधू झाली असेल, नाक धडधाकट आहे.” मग आवाज खाली आला. “शनिवारी शेवटचा घाणा काढला. रविवारी सकाळी लेकीकडे गेले, झायेचारला. बुधवारी दुपारी परतले तर कोठीला कुलूप. कुणी एका शब्दाने विचारलं नाही.”

“रविवारी नाव काढलं तर?”

“तर मी झोवाला पुन्हा हात लावणार नाही. दुसरं काय येतं गं मला? भिंतीकडे बघत बसेन.” ती उठली. “आणि हे बघ. कुणीतरी माझं झाड सोललंय.”

झोवाचं जुनं झाड तिच्या आणि चेडोमिरच्या घरामधल्या कुंपणावरच होतं. खालच्या एका फांदीवर वीतभर भाग उघडा पडला होता. वरची करडी साल खरवडून आतली हिरवी साल काढून नेली होती. उघडं लाकूड तपकिरी पडलं होतं, म्हणजे तीन-चार दिवस झालेले. मुळाशी मक्याच्या भाकरीचा तुकडा होता. त्यावर मुंग्या लागल्या होत्या, भोवती मीठ सांडलेलं होतं.

झोवाकडून काही घेतलं तर मुळाशी भाकरी आणि मीठ ठेवायचं, ही आमच्या भागातली रीत. बाहेरच्यांना ती ठाऊक नसते.

“आपल्यातलंच कुणीतरी,” आजी म्हणाली. “रीत पाळली आणि चोरीही केली.”

मी पलीकडच्या डहाळीवर सुरी चालवून पाहिली, आधी वरून खाली, मग खालून वर. सुरी जिथे टेकते तिथे कड स्वच्छ राहते. जिथे सुटते तिथे सालीचे धागे लोंबतात. आजीच्या फांदीवर धागे वरच्या टोकाला होते.

“खालून वर सोललीय,” मी म्हटलं.

आजीने छातीवर क्रूस काढला.

“का? काय झालं?”

“द्रागोयलोला विचार. सालीचा व्यापार तो करतो. मी काही बोलले तर म्हणतील, दुसऱ्यावर ढकलते.”

३

द्रागोयलो वाळवलेल्या औषधी वनस्पती विकत घेतो. कोसाराआजीची झाडं आपल्याला मिळावीत म्हणून त्याने दोनदा तिच्या दारात खेटे घातले होते आणि दोनदा हात हलवत परतला होता. त्याच्या पडवीत झोवाच्या सालीचं पोतं उघडंच ठेवलेलं होतं.

“माझ्यावर संशय?” त्याचा चेहरा खुलला. “वा! बायको म्हणते, या गावात तुम्हाला कुणी हिंग लावून विचारत नाही.”

“तुमच्या पोत्यात झोवाची साल आहे, काका.”

“मग असणारच. मार्चमधली आहे ती. पानं फुटायच्या आधी काढतो आम्ही, तेव्हा ती आपसूक सुटते. हात लाव. कडकडीत आहे की नाही? सप्टेंबरात झोवा कोण सोलेल? ज्याला धीर नाही तो. ज्याला आत्ताच्या आत्ता हवीय.”

“आणि खालून वर कोण सोलेल?”

त्याचं हसू मावळलं. पोत्याचं तोंड त्याने सावकाश बांधलं.

“वरून खाली सोललेली साल जुलाब देते. खालून वर सोललेली ओकवते. आजोबांनी शिकवलं मला.”

“सालीतलं द्रव्य एकच असतं, काका. कशीही सोला, पोट दोन्हीकडून ढवळणार.”

“तुझ्या प्रयोगशाळेत ढवळत असेल,” तो म्हणाला. “आमच्याकडे दिशा बघतात.”

परतताना मी त्याच्याच बोलण्याचा विचार करत होते. सालीला दिशा कळत नाही हे खरं. पण सुरी धरणाऱ्याला कळते. ज्याने ती फांदी खालून वर सोलली, त्याला कुणालातरी ओकवायचं होतं. आणि त्याच दिवसांत कुंपणापलीकडे एक माणूस ओकून बेशुद्ध पडला होता.

म्हणजे ही चूक नव्हती. चेडोमिरला कुणीतरी मुद्दाम ओकवलं होतं.

४

“या या, डॉक्टरीणबाई!” चेडोमिरकाका उशांना टेकून बसला होता. रेल्वेत रूळ तपासण्यात त्याची हयात गेली, त्यामुळे खोलीतही तो फलाटावर बोलल्यासारखा बोलतो.

“मी डॉक्टर नाही, काका.”

“मग बस जवळ. सुई नाही ना आणलीस?”

त्याची बायको ल्युबिंका शेजारच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. दार उघडं होतं.

“मंगळवारी काय काय खाल्लंत?”

“सातला न्याहारी. पावावर कोसाराचं पेकमेझ. तीन तुकडे! अजून कोमट होतं, चमच्यावरून उतरतच नव्हतं. चाळीस वर्षं सांगतोय या बाईला, कोसाराच्या हाताला जी चव आहे ती कुणाच्या नाही.”

स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आपटलं.

“मग?”

“मग लाकडं फोडली. अकराला जावई आला, ओब्राद. सासूशी काहीतरी बोलून गेला. बाराच्या सुमारास ही कॅमोमाइलचा काढा घेऊन हजर. म्हणे, तुमचा चेहरा पांढरा पडलाय. या लाल नाकाला आजवर कुणी पांढरं म्हटलेलं नाही!”

“आणि प्यायलात?”

“न पिऊन सांगतो कुणाला? कडूजहर होता. अर्ध्या तासात आतडी बाहेर.”

“झालं का पुराण?” ल्युबिंकाकाकू हात पुसत दारात आली. “मुलीला काही खायला विचाराल की नाही?”

“काकू, तुम्हाला काय वाटतं? कोसाराआजीची चूक झाली असेल?”

तिने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“मी कुणाला काही म्हटलेलं नाही.”

मी चमकले. नणंदेच्या सारातल्या मिठापासून तिच्या पडद्यांच्या रंगापर्यंत चाळीस वर्षं खोट काढणारी ही बाई. आणि आज, सगळं गाव नणंदेवर तुटून पडलेलं असताना, ती गप्प होती.

घरी जाऊन मी वहीत वेळा लिहिल्या. सातला पेकमेझ. पुढचे पाच तास माणूस लाकडं फोडतोय. काढा पोटात गेल्यावर अर्ध्या तासात ओकतोय. दोष काढ्याचा होता आणि काढा एकाच बाईने केला होता. पण नवऱ्याचा जीव घ्यायला निघालेली बाई झाडाला भाकरी ठेवत नाही. आणि ओकवणारी साल तर नाहीच निवडत.

माणसाला ओकवावंसं कधी वाटतं? त्याच्या पोटात नको ते गेलंय असं वाटलं की.

सातला तिने त्याला आनंदाने वाढलं होतं. बाराला तिला वाटलं, आपण विष वाढलं. मधल्या वेळात फक्त ओब्राद येऊन गेला होता.

५

ओब्राद मूळचा नोव्ही सादचा, सपाट प्रदेशातला. लग्न करून आमच्या डोंगरात आला आणि बसगाड्या दुरुस्त करतो. शनिवारी सकाळी मी त्याला बसच्या पोटाखालून बाहेर काढलं.

“सासूबाईंनी शपथ घातलीय,” तो म्हणाला. “कुणाला सांगायचं नाही.”

“फळं आणून दिलीत त्यांना. झोवाची.”

“तुला कोणी सांगितलं?”

“काकांनी. त्यांना माहीत नाही की त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, मंगळवारी सकाळी पेकमेझ कोमट होतं. कोसाराआजीची चूल शनिवारपासून थंड आहे. म्हणजे ते त्याच घरात शिजलं होतं.”

त्याने हाताचं ग्रीस पँटला पुसलं. “सोमवारी दोन टोपल्या दिल्या. पण माझा काय गुन्हा?”

“मंगळवारी अकराला त्यांना काय म्हणालात?”

“काही नाही गं. म्हटलं, सासूबाई, उगाच शिडी न्यायला लावलीत. झाडं कमरेएवढी तर आहेत, उभ्या उभ्या तोडली. तर त्या एकदम मटकन खालीच बसल्या. मला म्हणाल्या, जा आता.” तो थांबला. “का? कमरेएवढी नसतात?”

मी म्हटलं, “जागा दाखवा.”

गावाबाहेर जुन्या रेल्वेचा उंच बांध आहे. रूळ कधीच उखडून नेले. ओब्राद बांधाच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि हात पसरले. “हे बघ. इथे.”

त्याच्या कमरेशी काळ्या फळांचे घोस दाटले होते. कोसाराआजीच्या भावाने खरंच हाबत खाल्लं होतं, असं मला वाटलं.

मग मी कडेला बसले आणि घसरत घसरत बांधाच्या खाली उतरले.

६

सप्टेंबरातल्या शनिवारी आमच्याकडे घराघरांतून भाजलेल्या मिरच्यांचा धूर निघतो. ल्युबिंकाकाकू अंगणात बसून तांबड्या ढोबळ्या मिरच्यांची करपलेली सालं काढत होती. हिवाळ्यासाठीच्या आयवारची, म्हणजे मिरच्यांच्या चटणीची, तयारी. चेडोमिरकाका आत झोपला होता. मी तिच्यासमोर स्टूल घेतलं आणि एक मिरची उचलली.

“झोवाच होती ती, काकू.”

तिचे हात थांबले नाहीत. “कसली झोवा?”

“ओब्रादने तोडलेली. तो बांधावर उभा होता आणि झाड खाली बांधाच्या पायथ्याशी आहे. वरचा शेंडा त्याच्या कमरेला लागत होता. मी खाली उतरून पाहिलं. खोड माझ्या मांडीएवढं आहे. घोस खाली लोंबतात. हाबताचे वर ताठ असतात आणि त्याला लाकूड कधीच धरत नाही.”

आता हात थांबले.

“नीट बघितलंस?”

“नीट.”

“म्हणजे ते खाऊन त्यांना काही झालं नसतं?”

“काही नाही. चांगलं शिजवलेलं होतं. काकांना आजारी केलं ते काढ्याने.”

ती हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. मग मिरच्यांनी माखलेला हात डोळ्यांकडे नेला आणि मी तो मधेच धरला.

“चाळीस वर्षं ऐकतेय,” ती म्हणाली. “कोसाराचं पेकमेझ, कोसाराचं सरबत. म्हटलं, ती गावाला गेलीय, एकदा माझं घालावं पानात, तिचं म्हणून. बघू कळतंय का. आणि काय म्हणाले ते तू ऐकलंसच. पोरी, इतका आनंद मला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. अकरापर्यंत टिकला.”

“मग ओब्राद म्हणाला, कमरेएवढी.”

“त्यापुढचं मला ऐकूच आलं नाही. दवाखान्याकडे जाणारी बस दोनची. तोवर काय करू? आईने शिकवलेली साल आठवली. खालून वर सोलली, उकळली, मूठभर कॅमोमाइल टाकून दिली. पेकमेझ खड्ड्यात ओतलं, माती टाकली.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? नवऱ्याला हाबत घातलं, की नणंदेच्या नावावर घातलं? आधी वाटलं, ते वाचणार नाहीत, म्हणून बोलले नाही. मग वाचले, म्हणून बोलले नाही. दर दिवशी जीभ आणखी जड व्हायची.” तिने कुंपणापलीकडे पाहिलं. तिथलं धुराडं धुराविना उभं होतं. “ती काही बोलते का?”

“भिंतीकडे बघत बसेन म्हणते.”

ल्युबिंकाकाकूने पुढची मिरची उचलली.

“उद्या सभा आहे,” मी म्हटलं. “मला सगळं सांगावं लागेल.”

“तू गप्प बसायचंस,” ती म्हणाली. आणि माझ्या हातातली मिरची काढून घेतली.

७

शाळेच्या खोलीत मोठी माणसं लहान बाकांवर अडकून बसली होती. कोसाराआजी शेवटच्या बाकावर, काळा रुमाल बांधून. चेडोमिरकाकाला दोघांनी धरून आणलं होतं. रादेन्कोने चष्मा लावला, कागद उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. मी ल्युबिंकाकाकूकडे पाहिलं. ती स्वतःच्या बुटांकडे पाहत होती.

मी मनात दहा मोजायचं ठरवलं. सातवर ती उभी राहिली.

“पेकमेझ माझं होतं,” ती म्हणाली. “कोसाराचं नव्हतं. आणि त्यात विषही नव्हतं. ते मी नंतर दिलं, औषध म्हणून.”

मग तिने सगळं सांगितलं, बांधापासून खड्ड्यापर्यंत, एकदाही न थांबता. मला फक्त खोडाची जाडी तेवढी सांगावी लागली. द्रागोयलोने सालीची दिशा बरोबर होती, असं मधेच जाहीर करून टाकलं.

“म्हणजे मी जे खाल्लं...” चेडोमिरकाकाने आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं.

“माझं.”

“आणि मी म्हणालो की...”

“हो. तेच म्हणालात.”

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळी खोली. मग कोसाराआजी उभी राहिली.

“पाच दिवस,” ती म्हणाली. “तुझ्या खिडकीतून माझी चूल दिसते, ल्युबिंका.”

“दिसत होती.”

“मग?”

“मग काही नाही. चुकले. दुसरं काय सांगू?”

आजी बाकांमधून वाट काढत तिच्यासमोर आली.

“माफी तू चर्चमधे माग. मला माझी गिऱ्हाइकं परत हवीत. येत्या शनिवारी बाजारात माझ्याशेजारी उभी राहायचंस. मी जी बरणी उघडीन तिच्यातला चमचाभर लोकांसमोर खायचंस. एकही सोडायची नाही.”

रादेन्कोने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि कोठीची किल्ली कोसाराआजीच्या हातात दिली.

शनिवारच्या बाजारात त्या दोघींच्या टेबलाभोवती सर्वांत जास्त गर्दी होती. ल्युबिंकाकाकू चर्चचा रुमाल बांधून, हातात चमचा घेऊन ताठ उभी. बरणी उघडली की ती खायची, गिळायची, तोंड उघडून दाखवायची. दुपारपर्यंत तिचे दात जांभळे झाले होते.

खालच्या गावातल्या आरोग्यधामाची स्वयंपाकीण पुढे आली. तिने बरणी उजेडात धरली, झाकणाचा वास घेतला आणि ल्युबिंकाकाकूला विचारलं, “खरं सांगा. कसं आहे?”

ल्युबिंकाकाकूने चमचा चाटला. विचार केला.

“चांगलं आहे. घ्या,” ती म्हणाली. “पण माझं याहून दाट झालं होतं.”

कोसाराआजीने मानही वर केली नाही. बरणीला कागद गुंडाळता गुंडाळता ती स्वयंपाकिणीला म्हणाली, “ऐकलंत ना? विष असतं तर हिची जीभ अशी चालली असती का?”